भारतीय क्रिकेट संघाचे १९७१ मधील वेस्ट इंडीज व इंग्लंड दौरे : सत्तांतर की सातत्य?

प्रस्तावना

भारतीय क्रीडा-इतिहासात १९७१ या वर्षाला विशेष स्थान आहे. या एकाच वर्षात भारतीय क्रिकेट संघाने वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन देशांत जाऊन कसोटी मालिका जिंकल्या. त्यापूर्वी वेस्ट इंडीजविरुद्ध खेळलेल्या २३ कसोटी सामन्यांपैकी भारताने एकही जिंकला नव्हता. १२ सामने गमावले होते व ११ अनिर्णित राहिले होते. इंग्लंडच्या भूमीवर १९३२ ते १९६७ या काळात खेळलेल्या १९ कसोटींपैकी १५ मध्ये पराभव व ४ मध्ये बरोबरी असा हिशेब होता. या पार्श्वभूमीवर अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखालील दोन विजय समकालीनांना चमत्कारासारखे वाटले, यात नवल नाही.

या विजयांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यांतील बहुतांश लेखन आठवणींच्या व गौरवाच्या स्वरूपाचे आहे. त्यातून एक कथन हळूहळू रूढ होत गेले. नवाबाच्या हातातून भारतीय संघाचे नेतृत्व मुंबईच्या मध्यमवर्गीय बँक कर्मचाऱ्याकडे आले आणि त्याबरोबर पराभवाची परंपरा संपली, असा या कथनाचा आशय आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे रद्द झाल्यामुळे या कथनाला राजकीय प्रतीकाचेही बळ मिळाले. कथन आकर्षक आहे. परंतु इतिहासाच्या कसोटीवर ते कितपत टिकते, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) १९७१ च्या दोन्ही मालिकांतील निर्णायक प्रसंगांचा परामर्श घेणे.
२) कर्णधारपदातील बदल व विजय यांच्यातील कार्यकारणसंबंध तपासणे.
३) भारतीय क्रिकेटच्या आश्रयव्यवस्थेत स्वातंत्र्योत्तर काळात झालेल्या स्थित्यंतराचा या विजयांशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
४) १९७४ च्या पराभवाच्या संदर्भात या विजयांचे पुनर्मूल्यांकन करणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती

भारतीय क्रिकेटमधील खरे सत्तांतर १९७१ मध्ये झाले नसून ते १९४८ ते १९५८ या दशकात, आश्रयव्यवस्थेच्या पातळीवर, आधीच घडून गेले होते; १९७१ मध्ये त्याचे फळ दृष्टीस पडले, असे गृहीतक येथे मांडले आहे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून सामन्यांचे धावफलक, रणजी करंडक स्पर्धेतील विजेत्यांचा क्रम आणि खेळाडूंच्या प्रसिद्ध आठवणी यांचा आधार घेतला आहे. आठवणी कालांतराने रंगत जातात. म्हणून जेथे आठवण व धावफलक या दोहोंचा मेळ बसतो तेथेच तिला पुराव्याचे मूल्य दिले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : राजाश्रयाचे युग

भारतीय संघाचे आरंभीचे परदेश दौरे राजाश्रयाखाली झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेलेल्या अखिल भारतीय संघाचे नेतृत्व पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदर सिंग यांच्याकडे होते. त्या दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेणारे पाळवणकर बाळू हे मात्र दलित समाजातून आलेले व पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची कामे करीत गोलंदाजी शिकलेले खेळाडू होते. नेतृत्व एकाकडे व कर्तृत्व दुसऱ्याकडे, ही विभागणी पुढेही दीर्घकाळ टिकली. १९३२ च्या दौऱ्यावर कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे होते. लॉर्ड्सवरील पहिल्या कसोटीत त्यांनी ते सी. के. नायडू यांच्याकडे सोपवले, हा त्यांचा विवेक होय. १९३६ मध्ये विजयनगरमच्या महाराजकुमारांनी असा विवेक दाखवला नाही. त्या दौऱ्यात लाला अमरनाथ यांच्यासारख्या खेळाडूला मध्येच मायदेशी परत पाठवण्यात आले.

येथवर रूढ कथन योग्यच आहे. परंतु स्वातंत्र्यानंतरच्या पंधरा वर्षांकडे पाहिले असता त्याला तडा जातो. १९४७ ते १९६२ या काळात लाला अमरनाथ, विजय हजारे, विनू मंकड, पॉली उम्रीगर, हेमू अधिकारी, जी. एस. रामचंद, नरी कॉन्ट्रॅक्टर असे अनेक कर्णधार झाले. त्यांपैकी कोणीही नवाब वा महाराजा नव्हता. म्हणजे सामान्य घरातील कर्णधार ही गोष्ट १९७१ मध्ये नवीन नव्हती. तरीही याच काळात १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये ३-० व १९५९ मध्ये ५-० असे पराभव झाले. १९६२ मध्ये वेस्ट इंडीजमध्येही ५-० असाच निकाल लागला. त्या मालिकेत कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागून झालेल्या गंभीर दुखापतीमुळे एकवीस वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडी यांच्याकडे नेतृत्व आले. कर्णधाराच्या सामाजिक स्थानावरून जय-पराजयाचा उलगडा होत नाही, हे यावरून पुरेसे स्पष्ट होते.

कर्णधारपदाचा निर्णय

जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत वाडेकर यांच्या पारड्यात टाकले व पतौडी यांचे कर्णधारपद गेले. पतौडी यांनी दौऱ्यासाठी आपण उपलब्ध नसल्याचे कळवले. मार्च १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत ते गुडगाव मतदारसंघातून उभे राहिले व पराभूत झाले. मतदान १ ते १० मार्च या काळात झाले आणि नेमक्या १० मार्च रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे भारताने वेस्ट इंडीजवर पहिला कसोटी विजय मिळवला. योगायोग इतका नेटका आहे की, त्यावरून एका युगाचा अंत झाला असे म्हणण्याचा मोह कोणालाही व्हावा. परंतु योगायोगाला कारणपरंपरेचे स्थान देता येत नाही.

पतौडी यांच्या कारकिर्दीकडे निःपक्षपातीपणे पाहिल्यास तीन गोष्टी नोंदवाव्या लागतात. पहिली, भारताचा परदेशातील पहिला मालिका विजय १९७१ चा नसून १९६७-६८ च्या न्यूझीलंड दौऱ्यातील आहे. त्या ३-१ अशा विजयाचे कर्णधार पतौडीच होते. त्या दौऱ्यात वेलिंग्टन येथे वाडेकर यांनी १४३ धावा काढल्या होत्या. दुसरी, वेगवान गोलंदाज नाहीत तर आपल्या बलस्थानावर, म्हणजे फिरकीवर, भिस्त ठेवावी हे धोरण त्यांनी धीटपणे राबवले. १९६७ मध्ये बर्मिंगहॅम येथे त्यांनी बेदी, प्रसन्न, चंद्रशेखर व वेंकटराघवन या चौघांना एकाच कसोटीत खेळवले. तिसरी, गुंडाप्पा विश्वनाथ, एकनाथ सोलकर व अशोक मंकड यांच्यासारख्या तरुणांना १९६९ मध्ये कसोटी संघाचे दार उघडले ते मर्चंट यांच्या निवडीने, परंतु पतौडी यांच्या नेतृत्वाखाली. वाडेकर यांना मिळालेल्या संघाची घडण बऱ्याच अंशी आधीच झालेली होती. पुढे १९७३ मध्ये पतौडी वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडविरुद्ध मायदेशी खेळले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

वेस्ट इंडीज दौरा (फेब्रुवारी-एप्रिल १९७१)

किंग्स्टन येथील पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसात वाया गेला. भारताचे ७५ धावांत ५ गडी बाद झाले. येथून दिलीप सरदेसाई यांनी २१२ धावांची खेळी केली. सोलकर (६१) यांच्यासह त्यांनी सहाव्या गड्यासाठी १३७ व प्रसन्न यांच्यासह नवव्या गड्यासाठी १२२ धावा जोडल्या. भारताच्या ३८७ धावांना उत्तर देताना वेस्ट इंडीजचा डाव २१७ धावांत आटोपला. सामना आता चार दिवसांचा ठरल्यामुळे फॉलोऑनसाठी २०० ऐवजी १५० धावांची आघाडी पुरेशी होती. वाडेकर यांनी या नियमाचा आधार घेऊन गॅरी सोबर्स यांच्या संघाला पुन्हा फलंदाजीस पाचारण केले. कन्हाय यांच्या नाबाद १५८ व सोबर्स यांच्या ९३ धावांनी सामना वाचवला, हे खरे. पण ज्या संघाने आजवर भारताला वाकवले होते त्याच्यावर फॉलोऑनची पाळी आली. या निर्णयाचा परिणाम धावफलकापेक्षा मनावर अधिक झाला असावा.

पोर्ट ऑफ स्पेन येथील दुसऱ्या कसोटीत पहिल्याच चेंडूवर आबिद अली यांनी रॉय फ्रेडरिक्स यांचा त्रिफळा उडवला. वेस्ट इंडीजच्या २१४ धावांना भारताने ३५२ धावांनी उत्तर दिले. जॅक नोरेगा यांनी ९५ धावांत ९ बळी घेऊनही सरदेसाई यांच्या ११२, पहिलीच कसोटी खेळणाऱ्या सुनील गावसकर यांच्या ६५ व सोलकर यांच्या ५५ धावांमुळे आघाडी १३८ पर्यंत पोहोचली. दुसऱ्या डावात सलीम दुराणी यांनी सोबर्स यांना शून्यावर त्रिफळाचीत केले व क्लाइव्ह लॉइड यांना वाडेकर यांच्याकडे झेल देण्यास भाग पाडले. दुराणी यांनी १७ षटकांत अवघ्या २१ धावा देऊन हे दोनच बळी घेतले. परंतु सामन्याचे पारडे फिरवणारे तेच होते. वेंकटराघवन यांनी ९५ धावांत ५ बळी घेतले. विजयासाठी १२४ धावा हव्या होत्या. गावसकर यांच्या नाबाद ६७ धावांच्या बळावर भारताने ७ गडी राखून विजय मिळवला. वेस्ट इंडीजविरुद्धचा हा पंचविसावा कसोटी सामना होता.

विजय मिळवणे एक आणि पुढील तीन कसोटी आघाडी राखणे दुसरे. मालिकेचा खरा कस येथे लागला. बोटाच्या दुखापतीमुळे पहिल्या कसोटीस मुकलेल्या गावसकर यांनी चार कसोटींत १५४.८० च्या सरासरीने ७७४ धावा केल्या. जॉर्जटाउन येथे ११६ व नाबाद ६४, ब्रिजटाउन येथे दुसऱ्या डावात नाबाद ११७, अखेरच्या कसोटीत १२४ व २२० असा हा क्रम आहे. ब्रिजटाउन येथे वेस्ट इंडीजने ५ बाद ५०१ धावांवर डाव घोषित केल्यानंतर भारताची अवस्था ६ बाद ७० झाली. त्या वेळी सरदेसाई (१५०) व सोलकर (६५) यांनी सातव्या गड्यासाठी १८६ धावांची भागीदारी केली. पोर्ट ऑफ स्पेन येथील सहा दिवसांच्या अखेरच्या कसोटीत पहिल्या डावात १६६ धावांनी मागे पडूनही भारताने यजमानांपुढे २६२ धावांचे आव्हान ठेवले. वेस्ट इंडीजची धावसंख्या ८ बाद १६५ असताना सामना संपला आणि मालिका १-० अशी भारताची झाली.

दौऱ्याला आणखी एक पैलू होता. ब्रिटिश गियानात १८३८ पासून व त्रिनिदादमध्ये १८४५ पासून मळ्यांवर आणलेल्या भारतीय करारबद्ध मजुरांचे वंशज तेथील लोकसंख्येचा मोठा भाग होते. स्वतः रोहन कन्हाय त्याच वंशपरंपरेतील. पूर्वजांच्या देशाचा संघ जिंकताना पाहण्याचा अनुभव या समाजाला प्रथमच मिळाला. गावसकर यांच्यावर लॉर्ड रिलेटर या त्रिनिदादी गायकाने कॅलिप्सो रचला. पराभूत देशाच्या लोकसंगीतात विजयी खेळाडूचा असा गौरव व्हावा, हे दोन्ही बाजूंच्या खिलाडूपणाचे द्योतक आहे.

या विजयाचे मोल ठरवताना प्रतिस्पर्ध्याची स्थितीही विचारात घेतली पाहिजे. हॉल व ग्रिफिथ यांचा काळ मावळला होता व वेस्ट इंडीजची गोलंदाजी दुबळी झाली होती. १९६७-६८ ते १९६९ या काळात हा संघ इंग्लंडकडून दोनदा व ऑस्ट्रेलियाकडून एकदा मालिका हरला होता. तथापि सोबर्स, कन्हाय, लॉइड व फ्रेडरिक्स यांची फलंदाजी कोणत्याही संघाला धाक वाटावा अशीच होती आणि सोबर्स यांनी त्या मालिकेत ५९७ धावा केल्या.

इंग्लंड दौरा (जुलै-ऑगस्ट १९७१)

इंग्लंडबाबत असा आक्षेप घेता येत नाही. रे इलिंगवर्थ यांचा संघ ऑस्ट्रेलियात जाऊन ॲशेस जिंकून आला होता व ओव्हलच्या पराभवापूर्वी सलग २६ कसोटी अपराजित होता. या दौऱ्यावर व्यवस्थापक म्हणून गेलेले हेमू अधिकारी यांनी शारीरिक तयारी व क्षेत्ररक्षण यांवर लष्करी शिस्तीने भर दिला. लॉर्ड्सवरील पहिल्या कसोटीत इंग्लंडच्या ३०४ धावांना भारताने वाडेकर (८५), विश्वनाथ (६८) व सोलकर (६७) यांच्या खेळीच्या आधारे ३१३ धावांनी उत्तर दिले. दुसऱ्या डावात विजयासाठी १८३ धावा हव्या असताना भारताची धावसंख्या ८ बाद १४५ होती आणि पावसाने खेळ थांबला. ओल्ड ट्रॅफर्ड येथे भारत निश्चितपणे मागे होता. ४२० धावांच्या आव्हानापुढे ३ बाद ६५ अशी स्थिती असताना अखेरचा दिवस पावसाने वाया गेला. दैव एकदा आड आले व एकदा धावून आले, असेच म्हणावे लागेल.

ओव्हल येथील तिसऱ्या कसोटीत इंग्लंडने पहिल्या दिवशी ३५५ धावा केल्या. दुसरा दिवस पावसात गेला. भारताचा डाव २८४ धावांत संपला. इंग्लंडकडे ७१ धावांची आघाडी असताना २३ ऑगस्ट रोजी भागवत चंद्रशेखर यांनी सामन्याचे चित्र पालटले. बालपणी पोलिओने दुर्बल झालेल्या उजव्या हातानेच गोलंदाजी करणारे चंद्रशेखर काही वर्षे कसोटी संघाबाहेर होते व वेस्ट इंडीज दौऱ्यासाठीही त्यांची निवड झाली नव्हती. ल्यूकहर्स्ट यांनी मारलेला चेंडू त्यांच्या हाताला लागून समोरील यष्टींवर आदळला व जेमसन धावबाद झाले. पाठोपाठ एड्रिच त्रिफळाचीत झाले व फ्लेचर यांचा झेल सोलकर यांनी टिपला. उपाहाराला इंग्लंडची धावसंख्या ३ बाद २४ होती. वेंकटराघवन यांच्या चेंडूवर ॲलन नॉट यांचा सोलकर यांनी शॉर्ट लेगला झेपावत घेतलेला झेल आजही उदाहरण म्हणून सांगितला जातो. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले व इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला.

विजयासाठी १७३ धावा हव्या होत्या. २४ ऑगस्ट रोजी सकाळी वाडेकर आपल्या ४५ धावांत भर न घालताच धावबाद झाले. त्यानंतर सरदेसाई (४०), विश्वनाथ (३३) व फारुख इंजिनीयर (नाबाद २८) यांनी संयमाने डाव सावरला. अखेर आबिद अली यांच्या चौकाराने भारताने ४ गडी राखून सामना व मालिका जिंकली. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती व भारतीय प्रेक्षकांनी चेसिंग्टन प्राणिसंग्रहालयातील बेला नावाची हत्तीण मैदानात आणली होती. तेव्हा मुंबईत दूरदर्शन नव्हते. ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. महाराष्ट्राने हा विजय रेडिओवर ऐकला व दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत वाचला.

विश्लेषण : खरे स्थित्यंतर कोठे?

उपरोक्त दोन्ही मालिकांतील निर्णायक प्रसंग एकत्र ठेवले असता एक समान सूत्र आढळते. ५ बाद ७५, ६ बाद ७०, पहिल्या डावात १६६ धावांची पिछाडी, ७१ धावांची पिछाडी : या प्रत्येक ठिकाणी पूर्वीचा भारतीय संघ कोसळला असता. १९७१ चा संघ कोसळला नाही. म्हणून विजयाचे मूळ कर्णधाराच्या एखाद्या निर्णयात शोधण्याऐवजी पडझडीनंतर उभे राहण्याच्या या सवयीत शोधले पाहिजे. अशी सवय एका दौऱ्यात लागत नाही. ती कोठे लागली?

रणजी करंडकाच्या विजेत्यांचा क्रम येथे मार्गदर्शक ठरतो. १९४२-४३ ते १९५७-५८ या काळात बडोदा संघाने चार वेळा व होळकर संघाने चार वेळा हा करंडक जिंकला. सी. के. नायडू व मुश्ताक अली यांना होळकरांचा, तर विजय हजारे यांना बडोद्याचा आश्रय होता. म्हणजे कर्णधार सामान्य घरातील असला तरी त्याच्या चरितार्थाची सोय संस्थानाच्या मर्जीवर होती. संस्थाने विलीन झाल्यावर हा आधार खचला. होळकर संघ १९५० च्या दशकाच्या मध्यावर इतिहासजमा झाला. बडोद्याने १९५७-५८ मध्ये शेवटचा विजय मिळवला व त्यानंतर त्याला हा करंडक पुन्हा मिळण्यास २०००-०१ साल उजाडावे लागले. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वर्षे मुंबईने करंडक जिंकला. आश्रयाचे केंद्र दरबारातून महानगरात सरकले ते या काळात. खरे सत्तांतर हेच होय.

महानगरातील ही व्यवस्था व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून नव्हती, हे तिचे वैशिष्ट्य. हॅरिस ढाल व गाइल्स ढाल या शालेय स्पर्धा, महाविद्यालयीन व विद्यापीठीय सामने, १९४८ पासून भर पावसाळ्यात ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाणारी कांगा लीग आणि विविध आस्थापनांच्या संघांमधील टाइम्स ढाल अशी ती पायरीपायरीची रचना होती. कांगा लीगमध्ये चेंडू कधी उसळे, कधी सरपटत येई. तेथे टिकणे हीच पहिली विद्या. खेळाडूला नोकरी देणाऱ्या बँका व कंपन्या हा या रचनेचा आर्थिक कणा होता. वाडेकर स्टेट बँकेत, सरदेसाई असोसिएटेड सिमेंट कंपनीत, तर सोलकर व अशोक मंकड मफतलाल समूहात होते. महिनाअखेरीस पगार मिळण्याची खात्री असलेला खेळाडू दरबारातील खेळाडूपेक्षा अधिक स्वतंत्र होता.

या रचनेची व्याप्ती दोन उदाहरणांवरून दिसते. गोव्यात मडगाव येथे जन्मलेले सरदेसाई मुंबईत येऊन विद्यापीठीय क्रिकेटमधून पुढे आले. १९७१ च्या दौऱ्यासाठी त्यांची निवडही निश्चित मानली जात नव्हती. सोलकर हे हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचे पुत्र होते. पाळवणकर बाळूंना कधीही न मिळालेली संधी साठ वर्षांनी मैदानावरच वाढलेल्या एका मुलाला मिळाली, हा बदल कर्णधारपदाच्या बदलापेक्षा अधिक मूलगामी आहे. ओव्हलवर खेळलेल्या अकरांपैकी गावसकर, मंकड, वाडेकर, सरदेसाई, सोलकर व इंजिनीयर हे सहा खेळाडू मुंबईच्या क्रिकेटमधून आलेले होते. आणखी बोलका पुरावा मायदेशी मिळतो. वेस्ट इंडीज दौऱ्यावर गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर व मंकड गेलेले असताना सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालील मुंबई संघाने अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवून १९७०-७१ चा रणजी करंडक जिंकला. पाच कसोटीपटू वगळूनही जी व्यवस्था जिंकते, तिची ताकद व्यक्तींत नव्हे तर रचनेत असते.

तथापि हे विवेचन मुंबईच्या गौरवात संपू नये. दोन्ही मालिकांत विजयाचे दार उघडणारे गोलंदाज, म्हणजे दुराणी, प्रसन्न, वेंकटराघवन, चंद्रशेखर, बेदी व आबिद अली, यांच्यापैकी एकही मुंबईचा नव्हता. मद्रास, म्हैसूर, हैदराबाद, दिल्ली व राजस्थान येथून ते आले होते आणि त्यांना एकत्र आणून त्यांच्यावर विसंबण्याचे धोरण पतौडी यांच्या काळातील होते. वाडेकर यांचे श्रेय असे की, त्यांनी त्या फिरकीला सोलकर, वेंकटराघवन, आबिद अली व स्वतः यांच्या निकटच्या क्षेत्ररक्षणाची जोड दिली, सरदेसाई यांच्यासाठी आग्रह धरला आणि आघाडी हाती आल्यावर ती सुटू दिली नाही. हे श्रेय लहान नाही; पण ते संस्थापकाचे नसून कुशल वारसदाराचे आहे.

१९७४ : स्मृतीचा चंचलपणा

१९७२-७३ मध्ये मायदेशी इंग्लंडवर २-१ असा विजय मिळाल्यानंतर १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यावर भारत ३-० असा पराभूत झाला. लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात संपूर्ण संघ ४२ धावांत बाद झाला. वाडेकर यांच्या घरावर दगडफेक झाली. १९७१ च्या विजयाप्रीत्यर्थ इंदूर येथे उभारलेली सिमेंटची भव्य बॅट संतप्त जमावाने विद्रूप केली. वाडेकर यांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आले व त्यांनी निवृत्ती पत्करली. तीन मालिका जिंकून देणाऱ्या कर्णधाराची कारकीर्द एका उन्हाळ्यात संपली.

विजयाचे सर्व श्रेय एका व्यक्तीला देण्याच्या प्रवृत्तीची ही दुसरी बाजू आहे. ज्याला एकट्याने जिंकले असे मानले, त्यानेच एकट्याने हरले असेही मानले गेले. वस्तुतः १९७४ च्या पराभवाची कारणेही रचनेतच होती. वेगवान गोलंदाज घडवणारी कोणतीही यंत्रणा देशात नव्हती. १९७१ मध्येही नव्या चेंडूची धुरा आबिद अली व सोलकर यांच्यासारख्या मध्यमगती गोलंदाजांवर होती. इंग्लंडच्या थंड व ओलसर आरंभीच्या हंगामात ही उणीव उघडी पडली. १९७१ च्या यशाने ती झाकली होती, भरून काढली नव्हती.

निष्कर्ष

१) १९७१ च्या विजयांना केवळ कर्णधारपदातील बदलाचे फलित मानणे ऐतिहासिकदृष्ट्या अपुरे आहे. राजघराण्याबाहेरील कर्णधार १९४७ पासूनच होते आणि परदेशातील पहिला मालिका विजय पतौडी यांच्या नेतृत्वाखाली १९६७-६८ मध्ये मिळाला होता.

२) निर्णायक स्थित्यंतर आश्रयव्यवस्थेत झाले. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर क्रिकेटचा आधार दरबारांकडून शाळा, महाविद्यालये, क्लब, बँका व उद्योग यांच्याकडे आला. पडझडीनंतर सावरण्याची जी क्षमता दोन्ही मालिकांत दिसली, तिचे मूळ या रचनेत आहे.

३) मुंबईची फलंदाजी, दक्षिण व उत्तर भारतातील फिरकी, पतौडी यांचे धोरण, मर्चंट यांची तरुणांवरील श्रद्धा, अधिकारी यांची शिस्त व वाडेकर यांचे सावध नेतृत्व हे सर्व घटक परस्परपूरक होते. त्यांपैकी एकाचा गौरव करण्यासाठी दुसऱ्याचे अवमूल्यन करण्याची गरज नाही.

४) १९७४ मधील लोकक्षोभ हा व्यक्तिकेंद्रित इतिहासदृष्टीचा परिणाम होता. क्रीडा-इतिहासाच्या अभ्यासकाने व्यक्तींइतकेच लक्ष संस्थांकडे दिले तर विजयाचा उन्माद व पराभवाचा संताप या दोहोंनाही काही प्रमाणात आळा बसेल.

महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व विशेष आहे. १९७१ च्या संघातील अनेक खेळाडू विद्यापीठीय क्रिकेटमधून घडले होते. महाविद्यालयाचे मैदान, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा व तेथे नाव न मिळवता राबणारे मार्गदर्शक यांचा उल्लेख कोणत्याही धावफलकात होत नाही. परंतु ओव्हलवरील १७४ धावांचा हिशेब त्यांना वगळून पुरा होत नाही.